राजवायू संयुगं का बनवत नाहीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजवायूंबद्दल सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. बरेचसे दहावी ते बारावीच्या मुलांचे आहेत, काही शिक्षकांचे, आणि काही अशा लोकांचे की ज्यांचं शाळा सुटून बरीच वर्षं झाली पण हा प्रश्न डोक्यातून गेला नाही. सुरुवातीला सोपे घेतलेत, पुढे पुढे अवघड होत जातात. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जिथे लागेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. राजवायू म्हणजे नेमके कोणते? निष्क्रिय वायू आणि राजवायू वेगळे का?

एकच. आवर्तसारणीतला १८ वा गण, म्हणजे अगदी उजवीकडचा उभा स्तंभ: हीलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन, आणि सगळ्यात खाली प्रयोगशाळेत बनवलेलं ओगॅनेसॉन (त्याचं वागणं जरा वेगळंच असणार आहे, प्रश्न २१ बघा). हवेत सगळ्यात जास्त आर्गॉन सापडतो, जवळपास ०.९३ टक्के, म्हणजे कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त. बाकीचे अगदी किरकोळ.

२. हे वायू संयुगं का बनवत नाहीत? एका दमात सांगा.

कारण बहुतेक वेळा तो आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो. कुठलाही अणू बंध करतो तेव्हा आधी काहीतरी ऊर्जा घालावी लागते (इलेक्ट्रॉन ओढून काढायला, किंवा वरच्या कक्षेत चढवायला, किंवा समोरच्या रेणूतला जुना बंध तोडायला) आणि मग नवा बंध झाला की ऊर्जा परत मिळते. परत मिळालेली जास्त असेल तर संयुग टिकतं. राजवायूंच्या बाबतीत घालायची ऊर्जा प्रचंड आणि परत मिळणारी थोडी, म्हणून ते एकटेच राहतात. खालचा जवळजवळ प्रत्येक प्रश्न ह्याच जमाखर्चाचा आहे, एवढं लक्षात ठेवलंत तरी अर्धं काम झालं.

३. पण पुस्तकात तर "अष्टक पूर्ण असतं म्हणून स्थिर" एवढंच लिहिलंय, ते चूक आहे का?

चूक नाही, पण ते कारण नाहीये, ते फक्त वर्णन आहे. अष्टक म्हणजे बाहेरच्या कक्षेतले आठ इलेक्ट्रॉन, पण आठ ह्या आकड्यात जादू नाही. अणूला "माझे आठ झाले, आता मी समाधानी" असं काही कळत नसतं.

खरं कारण असं. आवर्तसारणीत एका ओळीत डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रकात दर घराला एक प्रोटॉन वाढतो, आणि त्याच वेळी एक इलेक्ट्रॉन त्याच बाहेरच्या कक्षेत भरला जातो. आता एकाच कक्षेतले इलेक्ट्रॉन एकमेकांना केंद्रकाच्या ओढीपासून फारसं झाकत नाहीत, म्हणून प्रत्येक इलेक्ट्रॉनवरची ओढ वाढत वाढत जाते आणि ओळीच्या शेवटी, म्हणजे राजवायूवर, ती सगळ्यात जास्त असते. म्हणून असलेला इलेक्ट्रॉन सुटत नाही. आणि कक्षेतल्या जागा भरलेल्या असल्यामुळे नवा इलेक्ट्रॉन आला तर त्याला पुढच्या, लांबच्या कक्षेत बसावं लागतं, जिथे आतल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांनी केंद्रकाची ओढ जवळपास पूर्ण झाकलेली असते, म्हणून तो टिकत नाही. देणं महाग, घेणं अशक्य, आणि भागीदारी करायला एकही सुटा (म्हणजे जोडी नसलेला) इलेक्ट्रॉन नाही. अष्टक पूर्ण असणं म्हणजे ह्या तिन्ही गोष्टी एकाच जागी येणं.

४. आयनायझेशन एनर्जीचे आकडे देता का? म्हणजे तुलना करता येईल.

पहिला इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, किलोज्यूल प्रति मोलमध्ये: हीलियम २३७२, निऑन २०८१, आर्गॉन १५२१, क्रिप्टॉन १३५१, झेनॉन ११७०, रेडॉन १०३७. सोडियमला फक्त ४९६ लागतात. सगळ्या मूलद्रव्यांत हीलियमचा आकडा सगळ्यात मोठा.

पण ह्या यादीकडे नीट बघा, कारण पुढची सगळी गंमत इथेच आहे. हायड्रोजनचा आकडा १३१२ आहे, ऑक्सिजनचा १३१४, क्लोरीनचा १२५१. म्हणजे झेनॉनचा इलेक्ट्रॉन काढणं हायड्रोजन, ऑक्सिजन किंवा क्लोरीनचा काढण्यापेक्षा सोपं आहे! आणि हायड्रोजन, ऑक्सिजन किती संयुगं करतात हे सांगायला नको. मग "राजवायू कधीच काही करत नाहीत" हे वाक्य निदान झेनॉनच्या बाबतीत तरी संशयास्पद वाटायला हवं. वाटलं होतंच काही लोकांना, त्याबद्दल प्रश्न १० आणि ११.

५. इलेक्ट्रॉन देत नाहीत हे कळलं, पण शेअर करायला काय हरकत आहे? कार्बन पण शेअरच करतो ना?

छान प्रश्न, आणि ह्याचं उत्तर शाळेत सहसा मिळत नाही. कार्बनकडे मूळ अवस्थेत दोनच सुटे इलेक्ट्रॉन असतात, तरी तो चार बंध करतो. त्यासाठी त्याला जोडीतला एक इलेक्ट्रॉन जरा वरच्या पातळीत चढवावा लागतो, पण ती पातळी त्याच कक्षेत असते, त्यामुळे खर्च साधारण ४०० किलोज्यूल प्रति मोल येतो आणि जास्तीचे दोन बंध झाले की तो सहज वसूल होतो.

निऑनने तेच करायचं ठरवलं तर? त्याच्या दुसऱ्या कक्षेत जागाच नाही, सरळ तिसऱ्या कक्षेत चढवावा लागणार, आणि त्याला सुमारे १६०० किलोज्यूल प्रति मोल लागतात. हीलियमला तर १९०० च्या आसपास. इतकी ऊर्जा परत देणारा बंध त्यांना मिळत नाही. झेनॉनला मात्र सुमारे ८०० पुरतात, म्हणजे ह्याही हिशोबात तो बाकीच्यांपेक्षा बराच स्वस्त पडतो.

६. हीलियमकडे तर दोनच इलेक्ट्रॉन असतात, बेरिलियमच्या बाहेरच्या कक्षेत पण दोनच, मग बेरिलियम संयुगं कसं काय करतं?

बेरिलियमचे दोन इलेक्ट्रॉन दुसऱ्या कक्षेत आहेत आणि त्या कक्षेत अजून सहा जागा रिकाम्या आहेत, ऊर्जेने जवळच. त्यामुळे एक इलेक्ट्रॉन वर चढवणं स्वस्त. हीलियमचे दोन पहिल्या कक्षेत आहेत, आणि पहिल्या कक्षेत दोनपेक्षा जास्त जागाच नसतात. म्हणून इलेक्ट्रॉन दोनच असले तरी हीलियम १८ व्या गणातच शोभतो. नुसते इलेक्ट्रॉन मोजू नका, पुढची रिकामी जागा किती वर आहे ते बघा.

७. ऑक्सिजन, नायट्रोजन जोडीने फिरतात, मग हीलियमचे दोन अणू एकत्र येऊन रेणू का करत नाहीत?

दोन हायड्रोजन जवळ आले की दोन नव्या पातळ्या तयार होतात, एक खालची जी बंध घडवते आणि एक वरची जी बंध मोडते. हायड्रोजनच्या जोडीकडे दोनच इलेक्ट्रॉन, दोघेही खाली बसतात, फायदा. हीलियमच्या जोडीकडे चार, दोन खाली आणि दोन वर, आणि वरच्यांनी होणारं नुकसान खालच्यांच्या फायद्यापेक्षा किंचित जास्तच असतं, म्हणून बंध नाही. ह्याचाच पुरावा म्हणून बघा, हीलियमच्या जोडीतला एक इलेक्ट्रॉन काढून धन आयन केला की तो व्यवस्थित टिकतो, कारण आता वर एकच उरला. अत्यंत थंडीत दोन हीलियम अणू अगदी सैलसर एकत्र आलेले शास्त्रज्ञांनी पाहिलेत, पण त्यांच्यातलं अंतर साध्या बंधाच्या कित्येक पट, त्याला रासायनिक बंध म्हणणं अवघड आहे.

८. बंधच नाही तर मग हे वायू द्रव कसे होतात?

बंध नसला तरी अणूंमध्ये एक क्षीण ओढ असते, इलेक्ट्रॉनांच्या ढगात क्षणोक्षणी होणाऱ्या हालचालीमुळे. अणू मोठा तितकी ती जास्त. म्हणून झेनॉन उणे १०८ अंश सेल्सिअसलाच द्रव होतो आणि हीलियमला उणे २६९ पर्यंत जावं लागतं. साध्या दाबाला तर हीलियम कितीही थंड केला तरी गोठत नाही.

९. नायट्रोजन पण कशाशी रिॲक्ट होत नाही, मग तो पण राजवायू का नाही? आणि वेल्डिंगला आर्गॉनच का वापरतात?

दोघांच्या शांतपणाचं कारण पूर्ण वेगळं आहे. नायट्रोजनचा अणू चांगलाच क्रियाशील असतो, पण दोन नायट्रोजन एकमेकांना तिहेरी बंधाने धरून बसलेले असतात आणि तो तोडायला ९४५ किलोज्यूल प्रति मोल लागतात. म्हणजे शांत आहे तो रेणू, अणू नाही. तेवढी ऊर्जा मिळाली की नायट्रोजन कामाला लागतो, विजेत, इंजिनात, अमोनियाच्या कारखान्यात. लिथियमशी तर साध्या तापमानालाही हळूहळू क्रिया करतो.

आर्गॉनमध्ये तोडायला बंधच नाही, अणू स्वतःच शांत, त्यामुळे तापमान वाढवूनही फरक पडत नाही. तापलेलं टायटॅनियम किंवा मॅग्नेशियम नायट्रोजनशी क्रिया करून नायट्राइड बनवतं आणि जोड ठिसूळ होऊ शकतो, म्हणून तिथे आर्गॉनच लागतो.

१०. राजवायूचं पहिलं संयुग कोणी बनवलं आणि सुचलं कसं?

नील बार्टलेट, १९६२, कॅनडातलं व्हँकुव्हर, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ. माझ्या मते रसायनशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर युक्तिवादांपैकी हा एक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बार्टलेट प्लॅटिनम हेक्साफ्लोराइडवर काम करत होते. लालसर वाफ असलेला हा पदार्थ इलेक्ट्रॉन ओढून घेण्यात इतका ताकदवान की त्याने चक्क ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढला आणि एक घन क्षार तयार झाला, ज्यात ऑक्सिजनचा रेणू धन आयन म्हणून बसलेला होता. ऑक्सिजन सहसा दुसऱ्यांचे इलेक्ट्रॉन घेतो, इथे त्याचाच गेला. आता बार्टलेट ह्यांच्या लक्षात आलं की ऑक्सिजनच्या रेणूची आयनायझेशन एनर्जी साधारण ११६५ किलोज्यूल प्रति मोल आहे, आणि झेनॉनची ११७०. जवळपास सारखीच! आणि झेनॉनचा आकार पण ऑक्सिजनच्या रेणूपेक्षा फार वेगळा नाही, म्हणजे स्फटिकात बसल्यावर परत मिळणारी ऊर्जाही तेवढीच असायला हवी. मग ऑक्सिजनला जमलं ते झेनॉनला का जमू नये?

त्यांनी काचेच्या उपकरणात एका बाजूला ती लाल वाफ आणि दुसऱ्या बाजूला झेनॉन घेतला, मधला अडसर तोडला आणि साध्या खोलीच्या तापमानाला लगेच पिवळसर नारिंगी घन पदार्थ तयार झाला. पुढे कळलं की हा पदार्थ त्यांना वाटला होता तितका साधा नाही, वेगवेगळ्या क्षारांचं मिश्रण आहे, पण झेनॉनने क्रिया केली ह्यात शंका उरली नाही. कित्येक दशकं पुस्तकांत छापून आलेला समज त्या दिवशी मोडला, आणि त्यासाठी लागले ते दोन आकडे, जे कोणालाही तक्त्यात सापडले असते.

११. १९६२ च्या आधी कोणी ट्रायच केलं नव्हतं का?

केलं होतं. आर्गॉन सापडला १८९४ मध्ये, रॅली आणि रॅमसे ह्यांना, आणि रॅमसे ह्यांनी लगेच थोडा आर्गॉन पॅरिसला हेन्री म्वासाँ ह्यांच्याकडे पाठवला, कारण फ्लोरीन पहिल्यांदा वेगळा करणारे तेच. काहीच झालं नाही. आज आपल्याला माहितीये की होणारच नव्हतं, आर्गॉन त्या यादीत फारच वर आहे (प्रश्न ४). झेनॉन तर तेव्हा सापडलाच नव्हता, तो आला १८९८ मध्ये.

मग १९३३ मध्ये लायनस पॉलिंग ह्यांनी गणितावरून सांगितलं की झेनॉन आणि क्रिप्टॉनचे फ्लोराइड व्हायला हवेत. त्यांच्याच संस्थेत, कॅलटेकमध्ये, योस्ट आणि के ह्या दोघांनी त्याच वर्षी प्रयत्न केला, झेनॉन अगदी थोडा होता, विजेचा डिस्चार्ज देऊन बघितला, पण हाती ठोस काही लागलं नाही. त्यानंतर हा विषय जवळपास तीस वर्षं मागे पडला. वाईट ह्याचं वाटतं की पुढे सिद्ध झालं, कोरड्या काचेच्या भांड्यात झेनॉन आणि फ्लोरीन भरून नुसतं उन्हात ठेवलं तरी झेनॉन डायफ्लोराइडचे स्फटिक तयार होतात. "होणार नाही" असं सगळ्यांनी धरून चालल्यामुळे इतका सोपा प्रयोग राहून गेला.

बार्टलेटनंतर मात्र काही महिन्यांतच अमेरिकेतल्या आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीत (नाव सारखं वाटतं, वायूशी संबंध नाही) झेनॉन आणि फ्लोरीन निकेलच्या भांड्यात ४०० अंशाला तासभर तापवून झेनॉन टेट्राफ्लोराइडचे स्वच्छ स्फटिक मिळाले.

१२. सगळ्यांत झेनॉनच का? खाली जाताना काय बदलतं?

अणू मोठा होतो. झेनॉनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन पाचव्या कक्षेत, केंद्रकापासून लांब, म्हणून पकड सैल. शिवाय मोठ्या अणूभोवती चार-सहा शेजारी बसायला जागा मिळते. रेडॉन अजून सैल आहे, पण त्याची वेगळी अडचण आहे (प्रश्न २१).

१३. फ्लोरीनशीच का जमतं? क्लोरीनशी का नाही?

इथे जमाखर्च प्रत्यक्ष मांडून दाखवतो, कारण ह्याने जेवढं समजतं तेवढं दुसऱ्या कशाने समजत नाही.

झेनॉन डायफ्लोराइड बनवायला फ्लोरीनचा एक रेणू तोडावा लागतो, खर्च १५८ किलोज्यूल प्रति मोल. दोन झेनॉन-फ्लोरीन बंध होतात, प्रत्येकी साधारण १३३, म्हणजे जमा २६६. शिल्लक १०८ फायद्यात. संयुग टिकतं, पांढरे स्फटिक, खोलीच्या तापमानाला कोरड्या बंद भांड्यात व्यवस्थित राहतात.

आता क्रिप्टॉन. खर्च तोच, १५८. पण क्रिप्टॉन-फ्लोरीन बंध प्रत्येकी ४९ च्या आसपास, म्हणजे जमा ९८. साठ किलोज्यूलचा तोटा. तरीही क्रिप्टॉन डायफ्लोराइड बनवता येतं, खूप थंडीत विजेच्या डिस्चार्जने बाहेरून ऊर्जा घालून, आणि थंड ठेवलं तर टिकतंही, पण खोलीच्या तापमानाला हळूहळू तुटत जातं आणि मोकळा होणारा फ्लोरीन समोर येईल त्याला धरतो. म्हणून ते फार जबरदस्त फ्लोरीन देणारं रसायन आहे.

आणि क्लोरीन. त्याचा रेणू तोडायलाच २४२ लागतात, आणि मोठ्या, कमी ओढीच्या क्लोरीनचा झेनॉनशी बंध फ्लोरीनपेक्षा कमजोर. दोन्हीकडून मार. म्हणून झेनॉनचे क्लोराइड फक्त अतिशय थंडीत, खास परिस्थितीत दिसलेत. थोडक्यात फ्लोरीनचं यश दोन गोष्टींत आहे, त्याचा स्वतःचा बंध दुबळा आणि दुसऱ्याशी केलेला बंध मजबूत.

१४. मग झेनॉनच्या भोवती दहा-बारा इलेक्ट्रॉन होतात, अष्टकाचा नियम मोडतो ना? डी ऑर्बिटल वापरतो असं शिकवलं होतं.

हे बऱ्याच पुस्तकांत अजून आहे, की इलेक्ट्रॉन रिकाम्या डी ऑर्बिटलमध्ये (म्हणजे त्याच कक्षेतल्या वरच्या पातळ्यांत) चढतात आणि संकरण होतं, म्हणजे पातळ्या एकमेकींत मिसळून नव्या तयार होतात. रेणूचा आकार लक्षात ठेवायला ते चालून जातं, पण प्रत्यक्षात झेनॉनच्या त्या डी पातळ्या इतक्या वर आहेत की त्यांचा वाटा फार थोडा निघतो.

आजचं चित्र असं: झेनॉन डायफ्लोराइडमध्ये तीन अणू सरळ रेषेत, फ्लोरीन-झेनॉन-फ्लोरीन, आणि चार इलेक्ट्रॉन ह्या तिघांत मिळून वाटलेले. त्यातले दोन खरे बंध घडवतात आणि उरलेले दोन मुख्यतः दोन टोकांच्या फ्लोरीनांवर जाऊन बसतात. म्हणजे प्रत्येक झेनॉन-फ्लोरीन बंध जवळपास अर्धाच आहे आणि फ्लोरीनवर ऋण प्रभार जास्त. ह्यावरून हेही कळतं की दुसऱ्या टोकाला फ्लोरीन किंवा ऑक्सिजनसारखा इलेक्ट्रॉनलोभी अणूच का लागतो. अष्टक मोडण्याचा प्रश्न मग तितकासा उरत नाही. परीक्षेसाठी तुमच्या पुस्तकात संकरण असेल तर ते लिहा, मार्क त्यालाच आहेत, पण मनात हे चित्र ठेवा.

१५. आकार कसे लक्षात ठेवायचे?

झेनॉनवर उरलेल्या जोड्या मोजा. डायफ्लोराइडला तीन जोड्या उरतात, रेणू सरळ रेषेत. टेट्राफ्लोराइडला दोन, सपाट चौकोन. हेक्साफ्लोराइडला एक, आणि ती एकटी जोडी अष्टफलकाला वाकडं करते.

१६. झेनॉनचे ऑक्साइड पण असतात म्हणे, मग हवेत आपोआप का होत नाहीत?

असतात, पण सरळ झेनॉन आणि ऑक्सिजन एकत्र करून होत नाहीत. ऑक्सिजनचा दुहेरी बंध तोडणं महाग आणि झेनॉन-ऑक्सिजन बंध दुबळा. म्हणून आडवाटेने जावं लागतं, झेनॉन हेक्साफ्लोराइडची पाण्याशी क्रिया करून झेनॉन ट्रायऑक्साइड मिळतो. हा हिशोब मोठ्या तोट्यात असतो, म्हणजे आत साठवलेली ऊर्जा बाहेर पडायला टपलेली असते. कोरडा ट्रायऑक्साइड भयंकर स्फोटक आहे, टेट्रॉक्साइड तर उणे ३६ अंशांच्या वरच फुटतो. ह्या विषयात लोक खरोखर जखमी झालेत, बार्टलेट स्वतः सुद्धा एका स्फोटात. आणि झेनॉन फ्लोराइड पाण्याला लागला की हायड्रोजन फ्लोराइड सुटतो, तो हाडापर्यंत इजा करतो. घरी किंवा शाळेत करून बघायचा हा विषय नाही, कृपया.

१७. आर्गॉन, निऑन आणि हीलियमची संयुगं आहेत का?

आर्गॉनचं एक आहे. २००० साली फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठात मार्कू रासानेन ह्यांच्या गटाने गोठवलेल्या आर्गॉनमध्ये हायड्रोजन फ्लोराइड अडकवून त्यावर अतिनील प्रकाश टाकला आणि आर्गॉन हायड्रोजन आणि फ्लोरीनच्या मध्ये शिरलेला रेणू मिळाला. परम शून्याच्या थोड्याच अंश वर तो टिकतो, तापवला की संपला. निऑनचं असं प्रभार नसलेलं, खऱ्या बंधाचं टिकाऊ संयुग अजून कोणाला मिळालेलं नाही. आयन मात्र मिळतात, आणि ते अवकाशातही सापडलेत: २०१३ मध्ये क्रॅब नेब्युलात आर्गॉन-हायड्रोजनचा आयन दिसला, आणि २०१९ मध्ये एनजीसी ७०२७ ह्या तेजोमेघात हीलियम-हायड्रोजनचा. हा दुसरा आयन प्रयोगशाळेत १९२५ पासून माहीत होता, आणि विश्वात तयार झालेला पहिलावहिला रेणू हाच असावा असं मानतात. एकट्या प्रोटॉनकडे इलेक्ट्रॉनच नसतो, त्यामुळे तो हीलियमच्या इलेक्ट्रॉनांच्या जोडीला सुद्धा चिकटतो. बाटलीत भरता येणार नाही असं ते संयुग, कारण समोर दुसरं काहीही आलं की प्रोटॉन तिकडे उडी मारतो.

१८. सोडियम आणि हीलियमचं संयुग बनवलं अशी बातमी वाचली होती, खरी आहे का?

खरी आहे. सुमारे ११३ गिगापास्कलच्या वर, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या अकरा लाख पट दाबाखाली, दोन सोडियमला एक हीलियम असा घन पदार्थ तयार होतो. पण त्यात हीलियम कोणाशी इलेक्ट्रॉन वाटून घेत नाही. सोडियमचे इलेक्ट्रॉन जोडीजोडीने स्फटिकातल्या मोकळ्या जागांत साठतात आणि हीलियम मध्ये राहून प्रभारांची मांडणी जमवायला मदत करतो. दाब काढला की सगळं संपतं. म्हणजे हा प्रश्न २ चाच हिशोब आहे, फक्त इतक्या दाबाखाली जागा वाचवणं हीच मोठी जमा ठरते.

१९. बर्फात अडकलेला आर्गॉन किंवा फुलरीनमध्ये भरलेला हीलियम, ही संयुगं धरायची का?

मी धरत नाही. आर्गॉनचं पाण्यासोबतचं हायड्रेट १८९६ पासून माहीत आहे, पाण्याच्या रेणूंचा पिंजरा आणि आत अणू. फुलरीनमध्ये तसंच, कार्बनचा गोळा आणि आत हीलियम. आतला अणू बाहेरच्यांशी इलेक्ट्रॉनांचा व्यवहार करत नाही, बाहेर पडायला वाट नाही म्हणून आत आहे. सूत्र लिहिता येतं म्हणून संयुग झालं असं नाही.

आर्गॉन फ्लोराइड लेझरचंही असंच विचारतात. त्या लेझरमध्ये (१९३ नॅनोमीटर, डोळ्याचा नंबर घालवायच्या शस्त्रक्रियेत आणि चिप बनवायला वापरतात) आर्गॉन आणि फ्लोरीनची जोडी असते ती फक्त उत्तेजित अवस्थेत. प्रकाश सोडून खाली आली की लगेच सुटते, आणि ती सुटते म्हणूनच लेझर चालतो. इथे मी जोडी म्हणेन, टिकाऊ संयुग नाही.

२०. निष्क्रिय आहेत म्हणजे श्वासात गेले तरी चालतात ना? मग झेनॉनने भूल कशी चढते?

नाही चालत, आणि हे गंभीरपणे घ्या. हीलियम किंवा आर्गॉन विषारी नाही, पण तो ऑक्सिजनची जागा घेतो, आणि शुद्ध वायूचे काही श्वास घेतले तरी माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडू शकतो, कारण गुदमरल्याची जाणीव होत नाही. फुग्यातला हीलियम ओढून आवाज बदलायचा खेळ, विशेषतः सिलिंडरमधून थेट, करू नका.

झेनॉनची भूल ही वेगळी गोष्ट. पुरेसा ऑक्सिजन मिसळून दिलेला झेनॉन खरंच भूल देतो, आणि तरीही शरीरात कुठलाही रासायनिक बंध करत नाही. मोठा अणू, इलेक्ट्रॉनांचा मोठा मऊ ढग, त्यामुळे प्रश्न ८ मधली क्षीण ओढ इथे कामी येते, तो मज्जापेशींवरच्या प्रथिनांच्या खोबणीत बसतो, त्यांचं काम अडवतो आणि जसा आला तसाच श्वासातून बाहेर जातो.

२१. रेडॉन तर सगळ्यात सैल, मग त्याची संयुगं जास्त का नाहीत? आणि ओगॅनेसॉन?

रसायन म्हणून रेडॉन झेनॉनपेक्षा तयार आहे, त्याचा फ्लोराइड १९६२ मध्येच मिळाला. पण रेडॉनचा सगळ्यात टिकाऊ प्रकारही ३.८ दिवसांत अर्धा होतो आणि किरणोत्सर्ग इतका तीव्र की स्वतःची संयुगं स्वतःच मोडतो. म्हणून त्याच्याबद्दल माहिती कमी, अनिच्छेमुळे नाही.

ओगॅनेसॉनचे मोजकेच अणू आजवर बनलेत आणि ते एक मिलिसेकंदही टिकत नाहीत, त्यामुळे सगळं गणितावरच आहे. ते गणित म्हणतं की इतक्या जड केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने फिरतात की पातळ्यांचं गणितच बदलतं, आणि हे मूलद्रव्य खोलीच्या तापमानाला बहुधा घन असेल, शिवाय वरचा एक जादा इलेक्ट्रॉन धरूनही ठेवू शकेल, जे १८ व्या गणातल्या दुसऱ्या कोणालाच जमत नाही.

२२. मग परीक्षेत संयुजा शून्य लिहायची की नाही?

दहावीपर्यंत शून्य लिहा, हीलियम, निऑन, आर्गॉनसाठी ते व्यवहारात बरोबरच आहे. अकरावी-बारावीत झेनॉनचा प्रश्न आला तर त्याची ऑक्सिडेशन स्टेट दोन, चार, सहा आणि आठ अशी मिळते हे लिहा आणि उदाहरणं द्या: डायफ्लोराइड, टेट्राफ्लोराइड, हेक्साफ्लोराइड, आणि आठसाठी टेट्रॉक्साइड. झेनॉनची आज शंभरहून जास्त संयुगं माहीत आहेत, त्यात कार्बनशी थेट बंध असलेली आहेत, आणि २००० साली बर्लिनमध्ये तर एका सोन्याच्या आयनाभोवती चार झेनॉन बसलेले मिळाले, तिथे झेनॉन स्वतःची इलेक्ट्रॉनची जोडी सोन्याला देतो.